तिसरी ओवी

"बोला वैनी, माईक धरलाय! आता बहिणीची ओवी!"

धाकट्या दिरांनी, पोपटभावजींनी, माईक माझ्या तोंडाशी आणला. माझ्या दोन्ही हातांत हळदी-कुंकवाचं तबक होतं. तबकाच्या खाली बाकावर उताणा निजलेला माझा पाठचा भाऊ, सर्जेराव. त्याचे दोन्ही हात आभाळाकडं सरळ, आणि त्या हातांवर एकशे दहा किलोचा रॉड. रॉडच्या दोन्ही टोकांच्या लोखंडी चकत्यांना मंडळाच्या पोरांनी झेंडूच्या माळा घातल्या होत्या.

हलगी थांबली. देवळापुढचं सगळं पटांगण माझ्याकडं बघायला लागलं.

आंबराईवाडी हे माझं सासर. तिथली रीत अशी, की लग्नानंतरच्या पहिल्या यात्रेला नव्या सुनेचा भाऊ माहेरची शिदोरी घेऊन येतो आणि देवळापुढची गोटी उचलतो. गोटी म्हणजे गोल, गुळगुळीत, भरल्या पोत्याएवढा धोंडा. ती खांद्यावर असताना बहिणीनं भावाच्या नावानं एक ओवी म्हणायची, आणि मग म्हणायचं, 'उतरव'. बहीण उतरव म्हणेपर्यंत भावानं भार सोडायचा नाही. मधे दुसऱ्या कुणाचा हात लागला, तर ती उचल बाटली. ज्या सुनेचा भाऊ आला नाही किंवा ज्याची उचल बाटली, तिला बायका वर्षानुवर्षं 'बिनगोटीची' म्हणायच्या. हसत म्हणायच्या, पण म्हणायच्या.

माझ्या लग्नाआधी दोन वर्षं त्या धोंड्याखाली एकाचं पाऊल चिरडलं. मग मंडळानं गोटी सिमेंटात बसवून टाकली आणि तालमीतल्या पोरांनी सांगलीहून व्यायामशाळेतला बाक आणि रॉड आणला. भार बदलला, रीत तीच राहिली. व्यायामशाळेत बाकावर निजणाऱ्याच्या डोक्याशी एक गडी उभा असतो, हात चुकला तर रॉड धरायला. आंबराईवाडीत त्या जागी मी उभी होते. तबक घेऊन.

मी ओवी म्हटली.

गावाच्या पारावरी कुनाची ग दाटी झाली
माझ्या बंधवाच्या हाती लोखंडाची काठी आली

पटांगण उसळलं. शिट्ट्या झाल्या, फेटे उडाले. नऊ महिने मी त्या गावात पदर दातांत धरून वावरले होते. नव्या सुनेनं मोठ्यानं बोलायचं नसतं, गायचं तर दूरच. माझ्या गळ्यात आईचा गळा आहे हे त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा कळलं, आणि मलाही नऊ महिन्यांनी पुन्हा कळलं.

"अजून एक! वैनी, अजून एक!"

मी दुसरी म्हटली.

लोक बाई पुसत्यात, पैलवान ह्यो कुनाचा
पाठीला पाठ माझ्या, वाघ माझ्या माउलीचा

दोन झाल्या. तिथं थांबायला हवं होतं. तिसरी मला कुणी सांगितली नव्हती.

तिसरीच्या दुसऱ्या ओळीवर सर्जाचे कोपर वाकले. रॉड हातभर खाली आला. छातीच्या वर वीतभर अंतरावर त्यानं तो अडवला आणि खालून रेटा दिला, आणि तेव्हा एक आवाज आला. दुकानात कापड फाडून देतात ना, तसा. आजही दुकानदारानं तागा उलगडून कात्रीनं टोक कापलं, की मी पायरी उतरून रस्त्यावर जाऊन उभी राहते.

सर्जा ओरडला नाही. "आई," एवढंच म्हणाला, तेही हळू. रॉड तिरका होऊन त्याच्या छातीवर आला. चौघांनी धावत येऊन उचलला. माझ्या हातातलं तबक कधी पडलं कळलं नाही, पण त्याच्या पांढऱ्या बनियनवर कुंकू सांडलं होतं आणि लोक त्यालाच रक्त समजत होते. रक्त सगळं आत होतं.

नंतर जो तो म्हणाला, पोरगी डोळे मिटून गात होती, तिला काय कळणार. माझ्या थोरल्या जाऊबाईंनीही तेच म्हटलं. माझे मालक लांब, नारळाच्या दुकानापाशी होते, त्यांनीही तेच ऐकलं. मी काहीच म्हटलं नाही.

*

मिरजेच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सर्जाची उजवी छाती आणि दंड जांभळासारखे काळेनिळे झाले होते. काखेच्या पुढं, जिथं मांस भरलेलं असतं, तिथं खळगा पडला होता. डॉक्टरीणबाईंनी दोन बोटं त्या खळग्यात ठेवली आणि म्हणाल्या, "छातीचा स्नायू दंडाच्या हाडावरून सुटलाय. परत हाडाला शिवावा लागेल."

"किती दिवस?" सर्जानं विचारलं.

"सहा आठवडे हात अंगाला बांधून. मग हळूहळू हलवायचा. वजन सहा महिने नाही."

"मॅडम, माझी पोलीस भरती आहे. आषाढात."

"काय काय करायचं असतं भरतीत?"

"पळायचं. लांब उडी. पुल-अप्स. गोळा."

"पळ. हात सुटला की वाटेल तेवढं पळ." त्या कागदावर काहीतरी लिहीत राहिल्या. "पुल-अप्स आणि गोळा विसर."

ती त्याची शेवटची भरती होती. पुढच्या भरतीला तो वयात बसणार नव्हता. वडील गेल्यापासून आईनं बेदाण्याच्या शेडवर देठ खुडून आम्हा दोघांना वाढवलं होतं, आणि तिच्या बोटांची टोकं देठांनी कायमची खरखरीत झाली होती. त्या बोटांना विसावा मिळेल तो सर्जाच्या वर्दीनं, हे आमच्या घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं. बोलायची गरजच नव्हती. पहाटे चारला पळायला उठणाऱ्या पोराला ती रोज दोन उकडलेली अंडी सोलून द्यायची आणि त्याची पाठ वळली की त्याच्यावरून मीठ उतरवायची.

शस्त्रक्रियेनंतर पाचव्या दिवशी आम्ही त्याला घरी नेलं. आई दवाखान्यात आली नव्हती. तिला आम्ही कळवलंच दोन दिवसांनी, तेही हात मुरगळलाय म्हणून. यात्रेलाही ती आली नव्हती. लेकीच्या कुशीत मूल येईपर्यंत आईनं तिच्या सासरचं पाणीही प्यायचं नाही, अशी आमच्याकडची जुनी माणसं मानतात, आणि आई जुन्यातली.

ती दारात उभी होती. भाकरतुकडा ओवाळायला हात उचलला आणि पट्ट्यांनी अंगाला बांधलेला तो हात बघून तसाच खाली आला.

"मुरगळलाय म्हनं," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "वैजे, तू हुतीस न्हवं तितं? रीत म्हायती न्हाई का तुला? एक ओवी झाली की उतरव म्हनायचं आसतं."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात सर्जा बोलला.

"ताईनं म्हटलं होतं, आई."

मी त्याच्याकडं बघितलं. तो आईकडंच बघत होता.

"दोनदा म्हटलं तिनं उतरव. लोक ओरडत होते, मला वाटलं आणखी जरा धरू. हवा गेली डोक्यात."

आईनं तुकडा ओवाळला, मागं फेकला, त्याच्या डोळ्यांना पाणी लावलं. सगळं रीतीनं केलं. मग म्हणाली, "लोकांनी टाळ्या वाजिवल्या तर तू गळ्याला फास लावून घेशील. बापाचीच जात."

आणि आत निघून गेली.

मी उंबऱ्यावर उभी होते. सर्जा डाव्या हातानं चप्पल काढायला वाकला आणि खालच्या मानेनं पुटपुटला, "चल आत, ताई. ऊन लागतंय."

*

मी सहा आठवड्यांसाठी राहिले ती तीन महिने राहिले. सासूबाईंनीच सांगितलं होतं, "आपल्या दारात घडलंय पोरी, तूच निस्तर." त्यांना वाटलं, मोठं मन करून सांगतोय. मला त्यात माझाच निकाल ऐकू आला.

रोज सकाळी मोरीत पाटावर बसवून मी त्याला न्हाऊ घालायची. जखमेवर प्लॅस्टिकची पिशवी बांधायची, डोक्यावर तांब्या तांब्या पाणी ओतायचं, पाठ चोळायची. लहानपणी मी त्याला असंच न्हाऊ घातलं होतं, तेव्हा तो साबण डोळ्यांत गेला म्हणून गल्ली गोळा करायचा.

"ताई, जरा हळू. हळदीचा नवरा नाही मी."

"हालू नकोस मग."

"नवरीकडचे काय म्हणतील? मुलगा एका हाताचा."

"मुलगा तोंडाळ आहे म्हणतील. हात बघायच्या आधी."

तो हसला, की टाके ओढायचे आणि हसू अर्ध्यात थांबायचं. ते अर्धं हसू मी रोज बघायची.

जेवायला बसलं, की आईचं सुरू व्हायचं. ती कधी मोठ्यानं रागावत नसे. भाजीत मीठ घालावं तसं, चिमूट चिमूट.

"घ्या पैलवान. डाव्या हातानं घ्या."

"आई, पुरे की," मी म्हणायची.

"का? तू सांगितल्यालं त्यानं ऐकलं न्हाई. मी सांगितल्यालं तर ऐकंल." मग त्याच्याकडं बघून, "भैन गळा फोडून सांगती उतरव, आन् ह्यो लोकांकडं बघतो. वर्दी टाळ्या वाजवून मिळती व्हय रं?"

सर्जा डाव्या हातानं भाकरी मोडायचा. मोडायची नाही ती. मग मी मोडून द्यायची. माझ्या हाताकडं बघून आई म्हणायची, "बघ. हाय का कुनाला आशी भैन."

मी पाण्याच्या निमित्तानं उठून टाकीपाशी जायची आणि भरलेल्या घागरीत पुन्हा पाणी ओतायची.

दोनदा मी सांगायला गेले. एकदा आईपाशी, शेडवर. ती पोतं अंथरून बसली होती, बोटं बेदाण्यावरून चिमणीच्या चोचीसारखी फिरत होती आणि ती गुणगुणत होती. तिचं गाणं ऐकलं आणि मी आल्या पावली परत फिरले. दुसऱ्यांदा सर्जापाशी.

"सर्जा, त्या दिवशी..."

"ताई, तेल कोमट केलंस का?"

"मी काय म्हणते ऐक तरी."

"तेल गार झालं की बोचतं." त्यानं बनियनचा खांदा खाली सरकवला. "लाव."

सहा आठवड्यांनी पट्ट्या सुटल्या होत्या आणि डॉक्टरीणबाईंनी तेलाचं मला शिकवलं होतं. जखमेचा व्रण काखेच्या पुढून दंडावर उतरत होता, बोटभर लांब, लाल. त्याच्या वरच्या टोकाला मुंगी चावावी तसं दुखायचं, तिथं नुसतं तेल टेकवायचं. मधे जरा दाबायचं. खालच्या टोकाशी बोटाखाली एक गाठ लागायची, तिच्याभोवती गोल गोल फिरायचं, तिच्यावर कधीच नाही. रोज तिन्हीसांजेला दिवा लावला, की मी वाटी घेऊन बसायची. ती दहा मिनिटं आम्ही दोघं बोलत नसू. त्याच्या देहाचा तेवढा तुकडा मला माझ्या तळहातापेक्षा जास्त पाठ झाला होता.

मग भिंत. भिंतीसमोर उभं राहून बोटं चालवत हात वर न्यायचा. पहिल्या दिवशी बोटं त्याच्या बरगडीपर्यंत चढली, तिथं मी कोळशानं रेघ मारली. दुसऱ्या आठवड्यात खांदा. पाचव्या आठवड्यात कपाळ. आई येता-जाता त्या रेघा बघायची, बोलायची नाही. पण एक दिवस भिंत सारवताना तिनं तेवढी पट्टी सोडून सारवलं.

*

आषाढ लागायच्या पंधरा दिवस आधी तो सकाळचा घरात दिसला नाही. ओढ्यापलीकडं भुईमूग काढलेलं रान होतं. तिथं तो उभा होता, डाव्या हातात लोखंडी गोळा.

गोळा सुटला आणि मऊ मातीत 'धप्' करून रुतला. त्यानं पावलांनी अंतर मोजलं. तोंड वाकडं केलं.

"मॅडमनी काय सांगितलंय?" मी बांधावरूनच ओरडले.

"उजव्याचं सांगितलंय. डाव्याचं काय बोलल्यात का?"

"सर्जा!"

"ताई, बघ. पळण्यात माझे पुरे मार्क येणार. उडीत पुरे. पुल-अप्सचे गेले, ते सोड. गोळ्यात निम्मे आले तरी काठावर बसतो." तो एका दमात बोलत होता. घामानं त्याचं कपाळ चमकत होतं आणि डोळ्यांत यात्रेआधीचा सर्जा परत आला होता. "फक्त आणायला जाताना दम जातो. प्रत्येक वेळी चालत जायचं, वाकायचं, उचलायचं."

मी पदर खोचला आणि गोळा पडला होता तिथं जाऊन उभी राहिले.

"टाक," मी म्हटलं.

पंधरा दिवस मी गोळा आणून दिला. सव्वासात किलोचा लोखंडाचा थंड गोळा. तो टाकायचा, मी मातीतून उपसायची, पदरानं पुसायची, दोन्ही हातांनी पोटाशी धरून त्याच्याकडं न्यायची. दिवसाला साठ वेळा. संध्याकाळी माझ्या कमरेत उसण भरायची आणि मला बरं वाटायचं. एवढं बरं तीन महिन्यांत कशानंच वाटलं नव्हतं.

भरतीच्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेले. मैदानाच्या फाटकाबाहेर लिंबाखाली आया, बहिणी, एखाददुसरा बाप. सगळ्यांच्या हातात पाण्याच्या बाटल्या आणि केळी. आत शिट्ट्या वाजत होत्या. एक बाई जप करत होती, दुसरी तिला म्हणाली, "काकू, देव काय पळनार हाय का त्याच्याबदली?" आणि सगळ्या हसलो.

दुपारी दोनला तो बाहेर आला. छातीवर नंबराचा कागद, अंगावर वाळलेला घाम.

"पळण्यात पहिला आलो," तो म्हणाला. "माझ्या गटात."

"आणि?"

त्यानं केळं सोललं. खाल्लं नाही.

"तीन चान्स असतात गोळ्याला. डाव्यानं दोन टाकले. रानात जात होता तेवढाही गेला नाही. मग तिसऱ्याला उजव्यात घेतला."

"सर्जा..."

"घेतला. मानेपाशी लावला. साहेब म्हणाले, टाक. मागची पोरं म्हणाली, टाक." तो केळ्याच्या सालीकडं बघत होता. "खाली ठेवला."

"दुखलं?"

"नाही." त्यानं केळं परत सालीत गुंडाळलं. "भ्यालो, ताई."

याला आता चौदा वर्षं झाली. सर्जा तालुक्याच्या एका शाळेत मुलांना पळायला शिकवतो, त्याची दोन पोरं जिल्ह्यात नंबरात येतात. चांगलं चाललंय त्याचं. पण 'भ्यालो' म्हणताना त्याचा आवाज जसा लागला होता, तसा मी पुन्हा कधी ऐकला नाही, आणि त्याआधीही ऐकला नव्हता. लहानपणी विहिरीत उडी मारताना मी काठावर रडायची आणि तो खालून ओरडायचा, "ये ग, मी आहे!"

*

घरी पोचलो तेव्हा आई शेडवरून येऊन हातपाय धूत होती. सर्जानं एका वाक्यात सांगितलं. आईनं शांतपणे तोंड पुसलं, पदर सारखा केला. मग एकदम तिचा तोल गेला. तीन महिने चिमूट चिमूट घातलेलं सगळं एकाच वेळी ओतलं.

"तरी मी म्हनत हुते! आरं, माझी बोटं बघ! ही बोटं बघून तरी उतरवायचं हुतंस! भैन जीव तोडून सांगत हुती, तिचं ऐकलं आसतंस तर आज आंगावर वर्दी आसती. कुनासाठी धरून बसलास? कोन लागत हुते ते टाळ्या वाजवनारं तुजं?"

सर्जा भिंतीला टेकून उभा होता. कोळशाच्या रेघा त्याच्या खांद्यामागून वर गेल्या होत्या. रोजच्यासारखा ऐकून घेत होता. आणि लिंबाखालचा तो आवाज माझ्या कानात होता.

"मी उतरव म्हटलंच नव्हतं, आई," मी म्हणाले.

"ताई!" सर्जा म्हणाला.

"नव्हतं म्हटलं. एकदाही नाही."

"ताई, गप बस."

"लोक म्हणतात मी डोळे मिटून गात होते. माझे डोळे उघडे होते. दुसरी ओवी झाली तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं. 'ताई, बास' म्हणाला. मला ओठ दिसले. मला त्याचे हात थरथरताना दिसले. आणि मी तिसरी घेतली."

आईनं विचारलं, "का?"

आता थांबता येत नव्हतं. उतारावर पाय सुटावा तसं झालं होतं मला.

"जाऊबाई पुढंच उभ्या होत्या. सकाळी सर्जानं शिदोरी आणली, ती त्यांनी चार बायकांत उघडली. वजन करावं तशी हातात धरून खालीवर केली आणि म्हणाल्या, 'हलकं ग बाई वैजूचं माहेर. खुडून उरलेला बेदाणा आणि दोन खण.' सगळ्या हसल्या. मी नऊ महिने ऐकत होते, आई. त्या दिवशी माईक माझ्या तोंडाशी होता. मी तिसरी ओवी त्यांच्या तोंडाकडं बघून म्हटली."

"कंची?"

मला म्हणायची नव्हती. पण तिनं विचारलं होतं. गळ्यातून सूर निघाला नाही, नुसते शब्द निघाले.

"नका म्हनू जावाबाई, म्हायार हिचं हलकं. बंधवाच्या हाती माझ्या लोखंडही ग फुलकं."

आई हळूच खाली बसली, भिंतीला धरून. तिनं आपल्या दोन्ही हातांची बोटं मांडीवर पसरली आणि त्यांच्याकडं बघायला लागली.

"खुडून उरल्याला न्हवता त्यो," ती म्हणाली. "आठ दिवस निवडत हुते मी. येकेक दाना. हिरवा, लांब. शेडच्या मालकाला सांगून वायला ठेवल्याला." मग बोटांशीच बोलल्यासारखी म्हणाली, "जरा जास्त द्याया पायजे हुता."

"आई, तसं नाही ग. तुझं काही..."

"अजून दोन शेर मावला आसता टोपलीत."

मी तिच्याकडं सरकले तशी तिनं हातानं मला थांबवलं. रागानं नाही. काहीतरी मोजत असताना मधे कुणी आलं, की माणूस थांबवतो तसं.

सर्जा भिंतीपासून सुटला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. माझ्यापेक्षा तो वीतभर उंच आहे. त्याला चिडलेलं मी पाहिलं होतं, पण माझ्यावर चिडलेलं नाही.

"झालं तुझं?" तो म्हणाला. "मोकळी झालीस?"

"सर्जा, ती रोज तुला बोलत होती..."

"मला बोलत होती ना? मला चालत होतं ते." त्यानं आवाज खाली आणला, आईला ऐकू जाऊ नये म्हणून, पण घर ते केवढं. "मी पण उभा होतो सकाळी, ती शिदोरी उघडली तेव्हा. मलाही ऐकू आलं होतं. तुला काय वाटलं, मी तुझ्यासाठी खोटं बोललो?"

मला तसंच वाटलं होतं. तीन महिने मला तसंच वाटत होतं.

"हिला कळू नये म्हणून बोललो. हिनं दिलेलं हलकं ठरलं आणि त्यापायी हे झालं, हे हिच्या कानावर जाऊ नये म्हणून." त्याचा श्वास वरवर चालला होता. "वर्दी गेली. हात गेला. एवढी एकच गोष्ट मी नीट धरून ठेवली होती, ताई. तीन महिने. तेवढी तरी धरू द्यायची होतीस."

बाहेर कुणाची तरी गाय दावणीला येताना हंबरली. आई उठली, देवापुढं दिवा लावला. वात तिच्या हातून दोनदा विझली.

तेलाची वेळ झाली होती. मी सवयीनं चुलीकडं गेले, वाटी निखाऱ्यावर धरली, बोट बुडवून बघितलं. वाटी घेऊन बाहेर आले तर सर्जा पाटावर बसला होता, बनियनचा खांदा खाली सरकवून. त्यानं माझ्या हातातून वाटी घेतली. माझ्याकडं न बघता ती आईपुढं ठेवली.

"आई, आज तू लाव."

आई त्याच्याजवळ बसली. तिनं तो व्रण इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिला असेल. तेलात बोटं बुडवली आणि खालच्या टोकापासून वर चोळायला लागली, पोराच्या पाठीला तेल लावतात तशी, जीव लावून, अंगठ्यानं. गाठीवरून तिचा अंगठा गेला तसा सर्जाच्या डाव्या हाताची मूठ पाटावर आवळली.

"वरून खाली, आई," मी उंबऱ्यातून म्हणाले. "अंगठ्यानं नको. त्या गाठीला..."

"तिला कळतंय," सर्जा म्हणाला.

तिला कळत नव्हतं. तिची खरखरीत बोटं नवीन कातडीवर अडत होती, ओढत होती. ती खाली मान घालून चोळत होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी तेलात पडत होतं. सर्जानं दात आवळून समोरच्या भिंतीकडं नजर लावली होती. त्याच्या मानेची शीर ताणून वर आली होती.

मी उंबऱ्यात उभी होते. तो बास म्हणाला नाही.